पार्ट बदलण्याआधी निदान: पिकअप, धूर आणि सायलेन्सरच्या तक्रारी कशा तपासायच्या



गॅरेज टाकायचंय असं म्हणणारे बरेच जण मला पहिला प्रश्न विचारतात, "सर, मशिनं कुठली कुठली घ्यायची?" जागा, भांडवल, लिफ्ट, कॉम्प्रेसर हे विषय आपण व्हिडिओत घेतलेत. आज त्याच्याही आधीची गोष्ट. गाडी दारात उभी राहिली, गिऱ्हाईक म्हणालं, "पिकअप नाही, धूर मारते, अ‍ॅव्हरेज पडलंय." आता पुढची वीस मिनिटं तुम्ही काय करणार? तुमचा धंदा टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या वीस मिनिटांवर ठरतं.

माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि मागच्या शेडमध्ये गॅरेज. काउंटरवर एक प्रकार सारखा दिसतो. सोमवारी एक मेकॅनिक येतो, "ओटू सेन्सर द्या." बुधवारी तोच माणूस, तीच गाडी, "इंजेक्टर द्या." शुक्रवारी, "पेट्रोल पंपाची मोटर बघू." दुकानदार म्हणून माझा गल्ला भरतो, पण त्या गॅरेजचं काय होतं ते बघा.

समजा सेन्सर ३,५०० रुपयांचा आणि मजुरी ५००. बिल झालं ४,०००. तक्रार मात्र तशीच. इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत. म्हणजे ते ३,५०० तुम्ही तरी सोसायचे, नाहीतर गिऱ्हाइकाने. तुम्ही सोसले तर सात गाड्यांची मजुरी गेली. गिऱ्हाइकाने सोसले तर गिऱ्हाईक गेलं, आणि जाताना चार जणांना सांगून गेलं.

म्हणून आजचा मुद्दा एकच: अंदाजाने पार्ट बदलायचा नाही. आधी फुकटातल्या तपासण्या, मग स्वस्त मापं, मग स्कॅनर आणि सगळ्यात शेवटी पार्ट. हा क्रम पाळायचा आणि त्या तपासणीचे पैसेही घ्यायचे.

आधी इंजिन समजून घ्या: पाच कप्पे

इंजिन म्हणजे हवा ओढणारा आणि बाहेर टाकणारा पंप आहे. हवा आत येते, तिच्यात इंधन मिसळतं, दाबलं जातं, ठिणगी पडते, जळतं आणि जळलेला वायू सायलेन्सरमधून बाहेर जातो. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी. एवढी हवा आत यायची तर आधीचा जळलेला वायू बाहेर गेला पाहिजे. बाहेरची वाट तुंबली की नवी हवा आत येत नाही. म्हणून सायलेन्सरचा बिघाड पिकअपच्या रूपात दिसतो, आणि इंजिनचा बिघाड सायलेन्सरच्या तोंडाशी दिसतो. दोन्ही एकत्रच तपासायचं.

कुठलीही तक्रार या पाच कप्प्यांपैकी एकात असते:

१. हवा: फिल्टर, थ्रॉटल बॉडी, कुठून तरी जादा हवा ओढणं
२. इंधन: पंप, फिल्टर, इंजेक्टर, पेट्रोलमध्ये पाणी
३. ठिणगी: प्लग, कॉईल, वायर
४. दाब: रिंग-पिस्टन, व्हॉल्व, हेड गॅस्केट, टॅपेट
५. बाहेरची वाट: मॅनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सर, टेलपाईप

डिझेलला ठिणगी नसते. तिथे तिसऱ्या कप्प्यात ग्लो प्लग आणि इंजेक्शनचं टायमिंग धरा. प्रत्येक तपासणीनंतर स्वतःला विचारायचं, "यातला कुठला कप्पा बाद झाला?" एकही बाद होत नसेल, तर ती तपासणी कशासाठी केली?

पायरी १: गिऱ्हाइकाला बोलतं करा

याला एक रुपया लागत नाही, आणि नवीन मुलं हीच पायरी गाळतात. निदान हे प्रश्न विचाराच:

• कधीपासून? अचानक झालं की हळूहळू?
• गाडी थंड असताना जास्त की गरम झाल्यावर?
• फक्त चढाला, की उभ्या गाडीलाही मिसिंग मारते?
• याआधी काय काम केलंय? कुठला पार्ट बदललाय?
• ऑईल किंवा कूलंट मध्येमध्ये टाकावं लागतं का?
• चेक इंजिनची लाईट लागते का? लागली तर स्थिर राहते की लुकलुकते?

अचानक झालं असेल तर कॉईल, सेन्सर, निघालेला पाईप अशा गोष्टी आधी बघा. हळूहळू झालं असेल तर चोक झालेली वाट, कमी झालेला दाब, भरलेला फिल्टर. ऑईल टाकावं लागत असेल तर चौथ्या कप्प्याकडे बोट गेलंच.

मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवा. तक्रार तुमच्यासमोर घडली पाहिजे. इथेच इंजिनबाहेरची कारणंही बाद करा. इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. चक्कर मारून आल्यावर एखादं चाक जास्त तापलेलं लागलं, तर ब्रेक धरून राहतोय. टायरमध्ये हवा कमी असेल तरी गाडी जड चालते. 'पिकअप नाही' म्हणून आलेल्या गाडीचं दुखणं क्लच प्लेटमध्ये निघालं, तर इंजिन उघडायचा प्रश्नच उरत नाही.

पायरी २: डोळे, कान, नाक

धुराचा रंग सगळ्यांना माहीत असतो. पण धूर कधी येतो, हे त्याहून महत्त्वाचं आहे.

काळा धूर: इंधन जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, चुकीचं माप देणारा सेन्सर. टर्बो डिझेलला काळा धूर आणि पिकअप कमी असेल तर टर्बोचा रबरी पाईप फाटलाय का, ते पहिलं बघा.

निळा धूर: ऑईल जळतंय. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना भपका आला आणि थांबला, तर व्हॉल्व सील. रेस केल्यावर, चढाला येत राहिला, तर रिंगा. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून आलात आणि परत दिल्यावर भपका आला, तर व्हॉल्व सील किंवा गाईड. तिन्हींच्या खर्चात केवढा फरक आहे बघा. सीलच्या कामासाठी बोअर-पिस्टनचं बिल लावलं, तर तो माणूस परत येणार नाही.

पांढरा धूर: सकाळी थोडा येऊन गेला तर ती वाफ आहे, बिघाड नाही. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं, त्यामुळे थंड सायलेन्सरमधून पाणी टपकणं ठीक आहे. जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांचे सायलेन्सर आतून लवकर गंजतात, तेही याच पाण्याने. पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतोय, गोडसर वास आहे, कूलंट कमी होतंय आणि बाहेर कुठे गळती नाही, तर हेड गॅस्केट तपासा. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून मात्र लगेच घाबरवू नका. पावसाळ्यात कमी चालणाऱ्या गाडीत दमटपणानेही थोडा थर धरतो. डिपस्टिकवरचं ऑईलही दुधाळ असेल, तर प्रकरण गंभीर. थंड डिझेल गाडीचा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. तिथे ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा दाब बघायचा.

आता कान. थंड इंजिन चालू केल्यावर मॅनिफोल्डपाशी टिकटिक येते आणि गरम झाल्यावर कमी होते, तर तिथे गॅस्केट किंवा तडा असू शकतो. ते लोखंड गरम होऊन फुगतं आणि फट मिटते. टॅपेटचा आवाज समजून लोक इथे फसतात. काजळीचा काळा डाग शोधा, गळती तिथेच असते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजत असतील तर जोडातून बाहेरची हवा आत जाऊन उरलेलं पेट्रोल पाईपमध्ये जळतंय का, ते बघा. बाईकमध्ये बेंड पाईपचं पॅकिंग बसलेलं नसलं की हे हमखास होतं.

इंजिन थंड असताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकी टपली मारा. आत खडखड झाली तर मधली जाळी तुटली आहे. तुटलेले तुकडे पुढे सरकून वाट अडवतात, म्हणून अशी गाडी कधी पळते, कधी पळत नाही.

शेवटी प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा म्हणजे इंधन जास्त. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑईल वर येतंय. पांढराफटक म्हणजे इंधन कमी किंवा इंजिन जास्त तापतंय.

पायरी ३: स्वस्त मापं

इथे तीन गेज लागतात. तिन्ही मिळून महागड्या स्कॅनरच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे.

व्हॅक्यूम गेज: पेट्रोल इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डला लावायचा. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलला साधारण १७ ते २२ इंच दाखवतं, आणि काटा स्थिर असतो. उंची वाढली की दर हजार फुटांना साधारण १ इंच कमी धरायचा. मुंबईत जे इंजिन २० दाखवेल ते पुण्यात १८ दाखवेल आणि महाबळेश्वरला साडेपंधराच्या आसपास. मुंबईचा आकडा धरून महाबळेश्वरच्या गाडीचं इंजिन उघडू नका. आता इंजिन २,५०० आरपीएमवर धरून ठेवा. काटा आधी स्थिरावून मग हळूहळू खाली यायला लागला, तर बाहेरची वाट तुंबली असण्याची दाट शंका.

कॉम्प्रेशन गेज: इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. असं केलं तरच आकडा खरा येतो. आकडा किती हवा ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. सिलिंडरमधला फरक मात्र कुठल्याही गाडीत बघता येतो. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑईल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. बाईकवाल्यांनी एक लक्षात ठेवा. काही बाईकच्या कॅमवर डीकॉम्प्रेसर असतो, त्यामुळे आकडा मुळातच कमी दिसतो. मॅन्युअल न बघता बोअर-पिस्टन सांगू नका.

बॅक प्रेशर गेज: कॅटच्या आधीचा ओटू सेन्सर काढून त्या जागी हा बसवायचा. आयडलला साधारण दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत असेल तर वाट मोकळी आहे. ५-६ पीएसआय दिसत असेल तर पुढे कुठेतरी तुंबलंय. मग कॅटच्या पुढचा जोड सोडून परत मोजा. आकडा तरीही जास्तच असेल तर दोष कॅटमध्ये. खाली आला तर मागचा सायलेन्सर बघा.

अजून एक सोय तुमच्या गावातच आहे: पीयूसी सेंटर. त्यांच्या मशीनवर पेट्रोल गाडीचे सीओ आणि एचसीचे आकडे येतात. गाडी पास की नापास एवढंच बघू नका. सीओ जास्त असेल तर इंधन जास्त जातंय. सीओ ठीक पण एचसी खूप जास्त, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे मिसफायर. शेजारच्या पीयूसीवाल्याशी ओळख ठेवा. तुम्हाला त्याचं मशीन वापरता येतं आणि त्याच्या नापास गाड्या तुमच्याकडे येतात.

पायरी ४: स्कॅनर, आणि त्याचा अर्थ

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ लागू झालं. तेव्हापासून बाईक-स्कूटरमध्येही इंजेक्शन आणि सेन्सर आले. त्यामुळे स्कॅनर आता लागणारच. कारमध्ये डॅशबोर्डखाली १६ पिनचा सॉकेट असतो. दुचाकीत बऱ्याचदा कंपनीप्रमाणे वेगळी वायर लागते.

पण कोड म्हणजे पत्ता. गुन्हेगार कोण ते कोड सांगत नाही. तीन नेहमीचे कोड घ्या.

पी०४२० म्हणजे कॅट पुरेसं काम करत नाहीये असं ईसीयूला वाटतंय. हे त्याला कसं कळतं? कॅटच्या आधीचा साधा ओटू सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो. कॅट चांगला असेल तर नंतरचा सेन्सर बऱ्यापैकी स्थिर राहतो. मागचा सेन्सर पुढच्यासारखाच नाचायला लागला की हा कोड येतो. मात्र जोडातून हवा आत येत असेल तरीही हा कोड येऊ शकतो. आधी गळती तपासा, मग कॅटचं नाव घ्या.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. इथे फ्युएल ट्रिम बघा. उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत साधारण ठीक. आयडलला ट्रिम खूप जास्त आणि २,५०० ला खाली येत असेल, तर कुठून तरी इंजिन हवा घेतंय. आयडलला ठीक आणि लोडवर वाढत असेल, तर इंधन कमी पडतंय, पंप आणि फिल्टर बघा. तिसरी शक्यता लोक विसरतात. मॅनिफोल्डला तडा असेल तर बाहेरची हवा पहिल्या सेन्सरपर्यंत पोचते, सेन्सर सांगतो 'इंधन कमी', आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज पडतं. दोष पॅकिंगचा, आणि बदलला जातो सेन्सर!

पी०३०० म्हणजे मिसफायर. शेवटचा आकडा १ ते ४ असेल तर तो सिलिंडरचा नंबर. त्या सिलिंडरची कॉईल दुसऱ्यावर लावून बघा. मिसफायर कॉईलबरोबर गेला तर कॉईल खराब. तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर, मग दाब. या तपासणीला एकही नवीन पार्ट लागत नाही.

सगळं एकत्र करून बघू

समजा, पेट्रोल हॅचबॅक आली. तक्रार: "खंबाटकीला दम टाकते, दुसऱ्या गिअरशिवाय चढत नाही." विचारलं तर कळलं की गेले काही महिने मिसिंग होतं, 'चालतंय ना' म्हणून चालवली. क्लच ठीक, ब्रेक मोकळे. स्कॅनरवर पी०३०२ आणि पी०४२०. व्हॅक्यूम २,५०० ला हळूहळू खाली येतोय. बॅक प्रेशर ५ पीएसआय. कॅटच्या पुढचा जोड सोडला तरी ५ च.

म्हणजे कॅट तुंबलाय. बदलायचा? थांबा. कॅट सहसा आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. दुसऱ्या सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोल महिनोन्महिने कॅटमध्ये जाऊन तिथे जळत होतं. त्या उष्णतेने आतली जाळी वितळली. म्हणूनच चेक इंजिनची लाईट लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका असं सांगतात. कॉईल अदलाबदल केली, मिसफायर दुसऱ्या सिलिंडरवर गेला. कॉईल आणि प्लग आधी, कॅट नंतर. फक्त कॅट बदलला असता तर नवीनही त्याच वाटेने गेला असता. कंपनीचा कॅट काही हजारांचा येतो, आणि तो दुसऱ्यांदा बदलायचे पैसे कोण देणार यावर गॅरेजच्या दारात भांडण झालं असतं.

प्रत्येक वेळी हाच प्रश्न विचारायचा: हा पार्ट का गेला?

डिझेल आणि डीपीएफ

बीएस ६ डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की गाडी आपोआप आतलं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत नेऊन काजळी जाळते. त्यासाठी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याचा डीपीएफ भरणारच. लाईट नुकतीच लागली असेल तर मॅन्युअलप्रमाणे हायवेवर चालवून ती जाऊ शकते. नाही गेली तर स्कॅनरने रिजनरेशन, तेही आधी ऑईलची पातळी, इंजेक्टर आणि टर्बोचे पाईप तपासून. काजळी जास्त का होतेय ते शोधलं नाही तर गाडी परत येणारच. गिऱ्हाइकाला त्याच्या वापराबद्दलही स्पष्ट सांगा.

"कॅट काढूनच टाका ना!"

हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. नवीन कॅटचा भाव ऐकला की गिऱ्हाईक म्हणतं, "आतलं काढून नुसता पाईप लावा, स्वस्तात होईल." सरळ नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. प्रदूषणाच्या नियमभंगाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वर मागचा सेन्सर लाईट लावून ठेवणार, आणि पीयूसीला त्रास होणार तो वेगळाच. एका कामाचे पैसे मिळतील, पण हे काम तुमच्या गॅरेजमध्ये झालं हे त्या गाडीला कायमचं चिकटून राहतं.

आणखी एक. जुन्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, म्हणून भंगारात त्याला किंमत येते. जुना कॅट गिऱ्हाइकाला दाखवा आणि तो कोण ठेवणार ते बिलावर लिहा. त्याची किंमत त्याला बाहेरून कळली तर तुमच्याबद्दल काय विचार करेल?

निदानाचे पैसे कसे घ्यायचे

"चेकिंगचे पैसे कोण देतं?" असं सगळे म्हणतात. डॉक्टरची फी देतात, पॅथॉलॉजीचे पैसे देतात. गाडीचे का नाही देणार? फक्त आधी सांगावं लागतं.

१. गाडी घेतानाच सांगा: "दादा, तपासणीचे इतके. काम आमच्याकडे केलंत तर मजुरीतून वजा." रक्कम फलकावर लावून ठेवा.
२. जॉब कार्डवर तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा. 'इंजेक्टर खराब' असं लिहू नका, ते तुमचं मत झालं. 'चढाला दम टाकते' असं लिहा.
३. मोजलेले आकडे लिहा आणि गेजचा फोटो काढा. 'कॅट चोक आहे' म्हणण्यापेक्षा '३ हवं, ५ आलंय' हे गिऱ्हाइकाला लगेच पटतं.
४. काम झाल्यावर तीच मापं परत घ्या आणि आधीचे-नंतरचे आकडे शेजारी शेजारी दाखवा.
५. त्याने काम दुसरीकडे केलं तरी चालेल. तपासणीचे पैसे मिळालेत, वेळ वाया गेला नाही.

हत्यारांचा क्रमही याच हिशोबाने ठेवा. आधी कॉम्प्रेशन आणि व्हॅक्यूम गेज, मल्टीमीटर, बॅक प्रेशर गेज आणि लाईव्ह डेटा दाखवणारा साधा स्कॅनर. महागडा स्कॅनर तपासणीच्या कमाईतून घ्या, कर्ज काढून पहिल्याच दिवशी नको.

शेडमध्ये जीव सांभाळा

एक्झॉस्टवर काम म्हणजे कार्बन मोनॉक्साईडशी गाठ. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर ताबडतोब उघड्यावर जा आणि डॉक्टरला दाखवा. पावसाळ्यात शटर अर्धं ओढून इंजिन चालू ठेवायची सवय अजिबात लावू नका. टेलपाईपला पाईप जोडून धूर बाहेर सोडा, पंखा लावा. कॅट आणि मॅनिफोल्ड इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ भाजण्याइतके गरम असतात. हाताखालच्या पोराला हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण गाडीखाली तोच शिरणार आहे.

या आठवड्याचा अभ्यास

तुमची स्वतःची किंवा ओळखीतली चांगल्या अवस्थेतली गाडी घ्या. तिचा आयडलचा आणि २,५०० चा व्हॅक्यूम, कॉम्प्रेशन, बॅक प्रेशर, फ्युएल ट्रिम, प्लगचा रंग हे सगळं वहीत लिहा. अशा दहा चांगल्या गाड्यांचे आकडे जमवा. गेज लावायचा हात बसेल, आणि तुमच्या गावच्या उंचीवर, तुमच्या भागात चालणाऱ्या गाड्यांचे खरे आकडे तुमच्याकडे असतील. उद्या दारात आजारी गाडी आली की तिचे आकडे या वहीशी ताडून बघा. पार्टच्या दुकानात जायचं ते त्यानंतर.

तुमच्या वहीतले आकडे आणि अडलेल्या केसेस कमेंटमध्ये लिहा. त्यातली एक निवडून आपण ती पुढच्या व्हिडिओत पायरीपायरीने सोडवू.